इंदूरला राहून पत्रकारिता आणि कथालेखन दोन्ही जमेल का?

जमतं की. अरुण साधू अनेक वर्षं पत्रकार होते आणि ‘सिंहासन’सारखी कादंबरी त्यांना बातमीदारी करताना बघितलेल्या राजकारणातून सुचली असणार, हे वाचताना कळतंच. पण घर बातमीवर चालेल, कथेवर नाही, हे आधी घरच्यांना सांगून टाका 😀 आणि इंदूरला नोकरी बहुतेक हिंदी पेपरातच मिळणार, म्हणजे दिवसभर हिंदी कॉपी (बातमीचा मजकूर) आणि रात्री मराठी कथा, त्यात वाक्यं हिंदी वळणाची व्हायला लागतात, म्हणून मराठी वाचन सोडू नका.

खरा फायदा उरलेल्या मालाचा. समजा सराफा बाजारातल्या अतिक्रमणाची बातमी केली, त्यात निगमची (महापालिकेची) नोटीस, तारीख, दोन्ही बाजू एवढंच जाणार. दुकानदाराने त्या नोटिशीवर कॅलेंडर टांगलं होतं ते कॉपीत बसत नाही, ते वेगळ्या डायरीत टिपा, कथा तिथूनच निघते. फक्त उलटा प्रवास नको, बातमीत एक वाक्यही मनाचं घालायचं नाही, आणि कथेत माणूस ओळखू येईल असा ठेवायचा नाही, नाव बदलून भागत नाही, धंदा-गल्ली पण बदला.

दिवाळी अंकांना कथा उन्हाळ्यातच तयार ठेवा, गणपतीत पाठवून काही उपयोग नसतो.