ब्लू कार्ड युनियनचं, पण दार उघडणारा एकेक देश

तुमचा प्रश्न असा: म्युनिकच्या नोकरीसाठी ब्लू कार्ड (युनियनबाहेरच्या कुशल माणसांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना) मिळतंय, पुढे वर्षा-दीड वर्षात पत्नीला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली तर सगळ्यांना तिकडे राहायला जाता येईल का? आणि युरोपियन युनियनच्या हातात नेमकं असतं तरी काय?

जाता येईल, पण पुण्याहून बंगळुरूला जातो तसं नाही. मी बरीच वर्षं जर्मनीत आहे. युरोप म्हणजे एकच देश असं धरून आलेली आपली माणसं नेहमी भेटतात, आणि त्या समजुतीचा फटका कायमच्या परवान्याच्या वेळी बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात राज्यघटनेने केंद्र आणि राज्यं यांच्यात अधिकार वाटले, आणि उरलेले शेषाधिकार केंद्राकडे ठेवले. इथे उलट आहे. 27 सार्वभौम देशांनी करार करून जेवढे अधिकार दिले तेवढेच युनियनचे, उरलेले सगळे देशांचे. बाहेर पडायचीही मुभा आहे, ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला पडलाच. सीमाशुल्क आणि परदेशांशी व्यापार करार पूर्णपणे युनियनकडे. प्राप्तिकर, शाळा, नागरिकत्व देशांकडे. स्थलांतर मधलं: चौकट युनियन आखते, पण बाहेरून कामासाठी किती माणसं घ्यायची हा आकडा प्रत्येक देश स्वतः ठरवतो.

हे कसं चालतं ते तुमच्या ब्लू कार्डावरूनच कळेल. पहिला कायदा 2009 चा. तो फार कडक ठरला आणि जर्मनी सोडला तर त्याचा वापर थोडाच झाला. कायद्याचा प्रस्ताव मांडायचा अधिकार युनियनच्या ब्रुसेल्समधल्या आयोगाकडे असतो, त्यात प्रत्येक देशाचा एक आयुक्त. जून 2016 मध्ये आयोगाने नवा मसुदा आणला. त्यात देशांनी कुशल कामगारांसाठीच्या आपापल्या समांतर योजना बंद करून फक्त ब्लू कार्ड ठेवावं असं होतं. मसुदा दोन ठिकाणी मंजूर व्हावा लागतो: लोकांनी थेट निवडलेल्या संसदेत, आणि सदस्य देशांचे मंत्री बसतात त्या परिषदेत. परिषदेत साधारणपणे किमान 55 टक्के देश हवेत, आणि त्यांत युनियनची 65 टक्के लोकसंख्या राहत असली पाहिजे. अनेक देशांना स्वतःची योजना सोडायची नव्हती, त्यामुळे मसुदा पाच वर्षं रखडला. ऑक्टोबर 2021 मध्ये तडजोडीने कायदा झाला आणि समांतर योजना राहिल्या. नेदरलँड्सची कुशल कामगारांची स्वतःची योजना म्हणूनच आजही जोरात आहे. पगाराची किमान अटही एकच नाही. देशातल्या सरासरी वार्षिक पगाराच्या 1 ते 1.6 पट, या पट्ट्यात प्रत्येकाने आपला आकडा निवडायचा. शिवाय हा कायदा निर्देश या प्रकारातला, म्हणजे प्रत्येक देशाने तो आपल्या कायद्यात उतरवायचा. त्यासाठी नोव्हेंबर 2023 पर्यंत मुदत होती. डेन्मार्क आणि आयर्लंड यात नाहीतच.

मला ही पद्धत संथ वाटते, तरी मनापासून आवडते. दोन महायुद्धं लढलेले शेजारी वर्षानुवर्षं वाद घालतात, पण टेबलावर बसून घालतात.

आता तुमचं. जर्मनीत ब्लू कार्डावर 12 महिने झाले की दुसऱ्या देशात कामासाठी जायचा हक्क मिळतो, वेगळा व्हिसा लागत नाही. पण तिथे पोचल्यावर महिन्याच्या आत नव्या ब्लू कार्डासाठी अर्ज करायचा, आणि पगार त्या देशाच्या अटीत बसायला हवा. लक्षात घ्या, हा हक्क कार्डधारकाचा आहे. पत्नीचा जर्मनीतला परवाना कुटुंबीय म्हणून असेल, तर डच नोकरीसाठी तिच्या कंपनीला तिच्या नावाने डच परवाना काढावा लागेल. नाहीतर तिथली नोकरी आधी तुम्ही मिळवायची, मग ती कुटुंबीय म्हणून येईल आणि तिला कामही करता येईल.

कायमच्या परवान्याबद्दल नीट वाचा, कारण जर्मनीत असे दोन आहेत. राष्ट्रीय परवाना, नीडरलासुंग्सअरलाउब्निस, ब्लू कार्डधारकाला 27 महिन्यांत मिळू शकतो आणि जर्मन भाषा बी-1, म्हणजे मध्यम पातळीची येत असेल तर 21 महिन्यांतच. लवकर मिळतो म्हणून सगळे तोच घेतात. पण त्यावर फक्त जर्मनीत राहता येतं. दुसरा युनियनचा दीर्घकालीन निवास परवाना. त्याला पाच वर्षं लागतात, पण तो असला की दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहण्यासाठी अर्ज करता येतो, अर्थात तिथल्या अटींवर. ब्लू कार्डधारकाला वेगवेगळ्या देशांतली वर्षं जोडून पाच भरता येतात, फक्त अर्ज करतो त्या देशात शेवटची दोन वर्षं ब्लू कार्डावर गेलेली हवीत. ब्लू कार्डावरून हा परवाना घेतलेला माणूस सलग 24 महिन्यांपर्यंत युनियनबाहेर राहिला तरी तो जात नाही. आई-वडिलांच्या आजारपणात भारतात राहावं लागलं तर याचं मोल कळतं. दोन्ही परवाने एकाच वेळी बाळगता येतात. आधी राष्ट्रीय घ्या, पाच वर्षं झाली की दुसऱ्यासाठीही अर्ज करा.

शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या देशांचा पट्टा, हा पुन्हा वेगळा हिशेब. त्यात 29 देश, पैकी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन युनियनचे सदस्य नाहीत, आणि आयर्लंड व सायप्रस सदस्य असून शेंगेनबाहेर. जर्मन परवान्यावर त्या पट्ट्यात 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, तिथे नोकरी धरता येत नाही. पासपोर्ट आणि कार्ड जवळ ठेवा, अंतर्गत सीमांवरही सध्या तपासणी होते.

पेन्शनची काळजी करू नका. जर्मनीत हक्कासाठी पाच वर्षांची वर्गणी लागते, आणि ती मोजताना नेदरलँड्समधला काळ धरला जातो. पुढे प्रत्येक देश आपापला वाटा देतो.

अडचण आली तर ब्रुसेल्सला लिहून परवाना मिळत नाही. तो देणारं कार्यालय तुमच्या शहरातलं, आउसलेंडरबेहोर्डे. तिथे वेळ मिळायला अनेकदा महिने लागतात, तेव्हा मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. घरभाड्याचे करार, पगारपत्रकं, पेन्शन वर्गणीचे उतारे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. पाच वर्षांनी तेच मागतात.