वाचक विचारतात : समुद्रात हुकूम कोणाचा?

प्रश्न : किनारी सुरक्षेच्या ‘सागर कवच’ सरावाच्या दिवसांत आमच्या होड्या कधी पोलीस थांबवतात, कधी तटरक्षक दल. नौदल मग नेमकं काय करतं?
– एक वाचक, हर्णे

उत्तर : 2008च्या मुंबई हल्ल्याचे दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून आले होते. त्यानंतर 2009मध्ये एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आली. मुंबईतल्या संयुक्त संचालन केंद्रात नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि इतर यंत्रणांची माहिती एकत्र येते.

तिघांची गरज का? युद्धनौकेला पाणी खोल लागतं, ती दाभोळच्या खाडीत शिरू शकत नाही. तिथे पोलिसांची छोटी बोटच हवी. गुन्हा नोंदवणं, तपास करणं हेही पोलिसांचंच काम. खोल समुद्रात तटरक्षक दल आणि नौदल.

खरी अडचण ओळखीची आहे. लाकडी होडीचा रडारवरचा ठसा पुसट असतो, लाटा उसळल्या की तो त्यांत हरवतो. म्हणून होडीची ओळख आणि जागा रेडिओने कळवणारं एआयएस यंत्र. पण बॅटरी उतरली किंवा अँटेनाची जोडणी खाऱ्या हवेने गंजली, की तुमची होडी पडद्यावरून गायब, आणि तपासणी ठरलेलीच. 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होण्याआधी जोडणी साफ करून घ्या. अँटेना जमेल तितकी उंच बांधा, कारण संदेश साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातो.

खलाशांची ओळखपत्रं होडीतच ठेवा. अनोळखी बोट दिसली तर पाठलाग नको. जागा, दिशा, रंग टिपा आणि 1093वर सागरी पोलिसांना किंवा 1554वर तटरक्षक दलाला कळवा. फोनला रेंज नसेल तर व्हीएचएफ रेडिओचं चॅनल 16.