तिसरीच्या आधीची सुट्टी

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल. मराठी माध्यम आहे. वाचताना एकेक अक्षर जुळवते, पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरते. सत्तेचाळीस सांगितलं की 74 लिहिते. तिला डॉक्टर करायचं आहे. मे महिन्यात तिसरीच्या अ‍ॅडव्हान्स क्लासला घालू का?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, क्लास तूर्त राहू द्या. तिसरीचं गणित दुसरीच्याच गणितावर उभं असतं आणि तेच थोडं कच्चं राहिलंय. डॉक्टरकीचं दहावीनंतर बघू.

74 ची चूक तिची कमी आणि आपल्या भाषेची जास्त आहे. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी बोलतो, चाळीस नंतर. ती ऐकलं तसं लिहिते. अंक गिरवून घेऊन हे सुटणार नाही. उन्हाळ्यात घरी पापड होत असतील, तर वाळलेले पापड तिला दहा-दहाच्या चळतीत लावू द्या. चार चळती, सात सुटे. आधी चळतींचा 4 लिहायचा, मग सुट्यांचा 7. मग सांगा, "यातले नऊ शेजारच्या काकूंना देऊन ये." सुटे तर सातच! एक चळत मोडावी लागणार, हे तिचं तिला सुचू द्या; मध्ये बोलू नका. दशक सुटा करून वजाबाकी करतात ती हीच, हे दुसऱ्या दिवशी वहीत दाखवा. एकोणतीस, एकोणसाठ ही मंडळी सगळ्यात शेवटी घ्या, ती मोठ्या मुलांनाही चकवतात.

वाचन रोज पंधरा मिनिटं, तुमच्या शेजारी बसून, मोठ्यानं. पुस्तक दुसरीचंच घ्या. धडा ओळखीचा असला की लक्ष अर्थाकडे जातं. जोडाक्षराला अडली तर थोडं थांबा, मग शब्द सांगून टाका. पान संपलं की "काय झालं गं यात?" एवढंच विचारा. 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानानंही समजून वाचणं आणि साधं गणित यासाठी तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत धरली आहे. तिच्या हाती अजून अख्खं वर्ष आहे. तेव्हा "मागे पडलीस" हा शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका.

तिसरीत परिसराचा अभ्यास येतो. तुम्ही तर मिरजेत राहता! एका संध्याकाळी तिला सतारमेकर गल्लीत न्या. भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते बघू दे, कारागिरांना प्रश्न विचारू दे. घरी आल्यावर मामाला चार ओळींचं पत्र लिहू दे. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नका, पत्र तसंच धाडा.

आणि या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात, तिचे डोळे तपासून घ्या. पुस्तक जवळ धरते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. चष्मा लागला तर शाळा उघडण्याआधी तिला त्याची सवय होईल.