घडीच्या पडद्यावर जपानी शाईचित्र काढताना शाई पसरते, काय करावं?

शाईवर येतोच, पण प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात की 'चिनी चित्र मोठं करून उतरवलं की झालं'. हे मला अजिबात मान्य नाही. उसनवारी कोणी नाकारत नाही. जपानी चित्रकार सेश्शू १४६७ मध्ये मिंग राजवटीच्या चीनला गेला आणि १४६९ मध्ये परतला. दुसरा जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू, त्यानं क्योतोच्या दाइतोकुजी मठातली चिनी भिक्षू-चित्रकार मु छीची चित्रं नीट अभ्यासली होती. पण तोहाकूची पाइनवृक्षांची पडद्यांची जोडी बघा (आता टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे). दर पडदा सहा पॅनेलचा, १५६.८ बाय ३५६ सेंटिमीटर. पुढची झाडं जवळजवळ काळी, मागची धुक्यात विरलेली, मध्ये नुसता कोरा कागद. गुंडाळीवरचं चित्र असं उभं राहत नाही. आधी प्रत्येक पॅनेलला वेगळी किनार असे. कागदी बिजागरी आली आणि चित्र सलग झालं. पडदा नागमोडी उभा राहतो, त्यामुळे काही पॅनेल तिरकी दिसतात आणि चित्राला खोली आपोआप येते. छापील पुस्तकात तो सपाट दाखवतात, म्हणून लोकांना कोरी जागा अपुरी वाटते. म्हणून आधी कागदाची पट्टी सहा घड्या करून टेबलावर उभी करा आणि कच्चं रेखाटन त्यावरच करा. बाहेर आलेल्या घडीवर बारीक खोड टाकू नका, बाजूनं बघताना ते तुटतं.

आता शाई. पसरते, कारण कागदाला लेप नाही. लेपासाठी लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम सरस आणि ५ ग्रॅम तुरटी. सरस रात्रभर भिजवा, पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद गरम करा, उकळू देऊ नका. उकळला की चिकटपणा जातो. तुरटी शेवटी. ती जास्त झाली तर वाळल्यावर कण चमकतात आणि पुढे कागद ठिसूळ होतो. शाईची कांडी पाण्यात चंदनासारखी हलक्या हातानं उगाळा, दाबलं तर शाई खरखरीत होते. आधी फिकट, मग ओलसर असतानाच गडद. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका.

एक मात्र आहे, भर पावसाळ्यात लेप लावू नका, नीट वाळत नाही. कोरड्या दिवशी लावा, पूर्ण वाळू द्या, मग कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच उभा राहिला तर कागद तयार. लगेच शोषला गेला तर दुसरा हात द्यावा लागेल.