एक पान पुढे

प्रश्न : टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’च्या शेवटच्या भागात मेघगर्जनेतून ‘दत्त, दयध्वम्, दम्यत’ असे शब्द येतात. कवीने टिपेत बृहदारण्यक उपनिषद ५.१ असा संदर्भ दिलाय. घरातल्या पोथीत तिथे फक्त ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ आहे. मग हे शब्द कुठले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही शोधलंत ते बरोबरच, आकडा टिपेत चुकलाय. एक पान पुढे जा, पाचव्या अध्यायाचं दुसरं ब्राह्मण, म्हणजे दुसरा विभाग, काढा. देव, माणसं आणि असुर प्रजापतीपाशी ब्रह्मचर्याने राहतात आणि शेवटी उपदेश मागतात. तो तिघांनाही एकच अक्षर देतो, ‘द’. देवांना त्यात ‘दाम्यत’ ऐकू येतं, आवरा स्वतःला. माणसांना ‘दत्त’, द्या. असुरांना ‘दयध्वम्’, दया करा. आणि तिघांनाही तो म्हणतो, बरोबर समजलात.

पूर्वी मीही पदसूचीत ‘दम्यत’ शोधत अख्खी दुपार घालवली होती. रोमन छपाईत दीर्घ ‘आ’ची खूण नाही, म्हणून आपण तो शब्द तसा वाचतो. मूळ रूप ‘दाम्यत’, दम् धातूचं आज्ञार्थी अनेकवचन. तो हरवलेला काना मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने घातला, अजून आहे तिथे.

क्रमाचं मात्र वेगळं. उपनिषदात ‘दाम्यत’ आधी, कवितेत ‘दत्त’ आधी. ही मला चूक वाटत नाही. १९११पासून हार्वर्डला संस्कृतचे प्राध्यापक लॅनमन यांच्याकडे एलियट रीतसर संस्कृत शिकला होता. ‘दत्त’ हा माणसांच्या वाट्याचा अर्थ, आणि १९२२ची ही कविता माणसांचीच. म्हणून गडगडाटानंतर तो आधी विचारतो, आपण काय दिलं? मला अख्ख्या कवितेत ही जागा सर्वांत जिव्हाळ्याची वाटते.

कवितेच्या शेवटचं तिहेरी ‘शांतिः’ प्रजापतीच्या या कथेतलं नाही. तो उपनिषदाच्या समाप्तीचा पाठ.

आता पोथी उघडलीच आहे, तर त्याच ब्राह्मणातली तिसरी कंडिका, म्हणजे तिसरा परिच्छेद, मोठ्याने म्हणा : ‘स्तनयित्नुः द द द इति’. प्रजापतीचं तेच अक्षर तिथे ढग म्हणतात.