जर्मनीत इंटर्नशिपला पोहोचल्यावर सगळ्यात आधी काय करावं?

पत्त्याची नोंदणी करा, इथे तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ती कायद्याने बंधनकारक आहे. मी सध्या म्युनिकला इंटर्न आहे आणि बाकीची बरीच कामं या एका कागदावर अडतात. टॅक्स आयडी, म्हणजे तुमचा कर ओळख क्रमांक, नोंदवलेल्या पत्त्यावर पोस्टाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. नोंदणीसाठी तुम्ही तिथे राहायला आल्याचं घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते चावी घेतानाच मागून घ्या. आणि पत्रपेटीवर स्वतःचं नाव नक्की लावा, नाहीतर पत्र परत जातं! रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरायचा. परदेशातून फक्त 3 महिन्यांपर्यंतच येणार असाल, तर मात्र सहसा नोंदणी लागत नाही.