सव्वीस-अकराला काय बोलावं, कसं उभं राहावं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला माजी सैनिक. २६ नोव्हेंबरला गावच्या हायस्कुलात पाच मिनिटं बोलायचं आहे. मुंबईवर हल्ला झाला तेव्हा माझी नेमणूक दुसरीकडे होती. जे पाहिलं नाही, त्यावर सैनिक म्हणून काय बोलू?

उत्तर : तिथे नव्हतो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. छातीवर पदकं दिसली की मुलं तुम्ही तिथे होतात असंच धरून चालतात, आणि नंतरच्या प्रश्नांना तोंड देताना पंचाईत होते. सावकाश बोललात तर पाच मिनिटांत साडेचारशे-पाचशे शब्द होतात. तेवढ्यात सीएसटी, कामा रुग्णालय, लिओपोल्ड कॅफे, ताज, ट्रायडेंट, नरिमन हाउस सगळं घ्यायला गेलात तर नुसती यादी होईल. एक जागा, एक माणूस आणि एक कृती एवढंच घ्या.

तुमच्या जिल्ह्यात तर शोधायलाही नको. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे केडंब्याचे, आणि पोलिसांत येण्याआधी लष्करात होते. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत दहशतवाद्यांची गाडी अडली तेव्हा त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सहकाऱ्यांनी त्याला जिवंत पकडलं. २००९ मध्ये ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. एवढं कोणताही शिक्षक सांगेल. तुम्ही पुढचं सांगा. एके-४७ स्वयंचलित ठेवली तर मिनिटाला सुमारे सहाशेच्या वेगाने गोळ्या सुटतात, म्हणजे तीस गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. गोळीबार सुरू झाला की आडोसा घ्या, जमिनीला चिकटा, हेच प्रशिक्षणात अंगात भिनवलेलं असतं. नळी पकडणं हे त्या सगळ्याच्या उलट आहे. ते का अवघड, हे फायरिंग रेंजवर घाम गाळलेला माणूसच पटवून देऊ शकतो. तुमचं चिंतन तिथे आहे, त्याला दोन मिनिटं द्या.

आकडे कागदावर लिहून न्या. मृतांचा आकडा १६६, त्यात हल्लेखोर नाहीत. मारले गेलेले नऊ हल्लेखोर मिळवून कुणी १७५ सांगतं, त्या बेरजेत मारणारे आणि मेलेले एकाच रांगेत बसतात. कारवाई २६ च्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत, साधारण साठ तास चालली. ‘कमांडो आले आणि सुटका झाली’ हेही अर्धवट आहे. एनएसजीचे, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, कमांडो हरियाणातल्या मानेसरहून २७ ला सकाळी मुंबईत पोचले. त्याआधीची रात्र पोलिसांनी आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी झुंजत काढली. मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं ते २००९ मध्ये.

‘शहीद’ शब्दाचा आग्रह नको. लष्कर आणि पोलीस यांच्या अधिकृत परिभाषेत तो नाही, हे संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला कळवलं होतं. मराठीत ‘वीरमरण आलं’, ‘धारातीर्थी पडले’ असे भारदस्त शब्द आहेतच. कुणाच्या तोंडी शेवटचे शब्द घालू नका, गोळीबाराचे आवाज वाजवू नका. आठवीतली मुलं त्यावर हसतात, पाचवीतली घाबरतात.

प्रश्न : दोन मिनिटांचं मौन नेहमी चाळीस सेकंदांत आटपतं. बिगुलवाला नसेल तर काय करावं?

उत्तर : मौन आटपतं, कारण सांगणाराच घड्याळ पाहत नाही आणि कुणीतरी ‘धन्यवाद’ म्हणून माइक उचलतो. एका माणसाच्या हाती स्टॉपवॉच द्या, त्याला दुसरं काम नको. सुरुवात आणि शेवट शाळेच्या घंटेनेच करा. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, सरकारी पद्धतीत १०.५९ ते ११ इशाऱ्याचा भोंगा आणि ११.०२ ते ११.०३ मौन संपल्याचा भोंगा असतो, तसंच हे. बिगुलवाला मिळाला तर क्रम असा : पुष्पचक्र, लास्ट पोस्ट (निरोपाची बिगुल धून), मौन, राऊज (मौनानंतरची बिगुल धून), राष्ट्रगीत. मोबाइलवर लास्ट पोस्ट लावायचीच असेल तर फाइल आधी उतरवून घ्या, नाहीतर मध्येच जाहिरात वाजते.

त्याच दिवशी संविधान दिनही असतो. आधी स्मरण, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग उद्देशिकेचं वाचन. बक्षीस समारंभ मात्र दुसऱ्या दिवशी ठेवा.

प्रश्न : शाळेचा झेंडा अर्ध्यावर आणायचा का? फोटोंच्या टेबलावर तिरंगा अंथरला तर चालेल?

उत्तर : दोन्हीला नाही. झेंडा अर्ध्यावर आणण्याचा निर्णय सरकारचा असतो, शाळेचा किंवा मंडळाचा नव्हे. तसा आदेश आलाच तर झेंडा आधी पूर्ण वर नेऊन मग अर्ध्यावर आणतात, आणि उतरवतानाही पुन्हा वर नेऊनच उतरवतात. हा वर नेण्याचा भाग हमखास विसरला जातो. टेबलावर पांढरी चादर घाला; ध्वजसंहितेत तिरंग्याचं आच्छादन करायला मनाई आहे.

प्रश्न : माझे पती सैन्यातून निवृत्त झाले. नोव्हेंबरअखेर टीव्हीवर ती दृश्यं लागली की उठून जातात, रात्री झोपत नाहीत. कार्यक्रमाला त्यांना न्यावं का?

उत्तर : त्यांनाच विचारा, आणि ‘नाही’ म्हणाले तर कारण मागू नका. जायचं ठरलं तर रांगेच्या कडेला, दाराजवळ उभं राहू द्या, भाषणाची जबाबदारी नको. फटाके, ढोल आहेत का ते आयोजकांना आधी विचारून ठेवा. त्या आठवड्यात झोपण्याआधी बातम्या बंद, आणि दारूवर लक्ष असू द्या. झोप यावी म्हणून घेतलेली दारू पहाटे तीनला उठवते. एक-दोन रात्रींची अस्वस्थता आपोआप ओसरते. महिनाभर झोपमोड, दचकणं, चिडचिड टिकली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर आधी पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालेल.